उतारासाठी मशीन

शाळेतली मुलं तिच्या सासऱ्यांना ‘गवतमास्तर’ म्हणायची. वर्गात त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं, पण मैदानाच्या गवताला मात्र बत्तीस वर्षं शिस्त लावली होती. दोन वर्षांपूर्वी सून त्यांच्या हाताखाली मदतनीस म्हणून लागली. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातले वीस दिवस बाहेर. म्हणजे घरी सासरे आणि कामावरही सासरेच. त्यातून हे सासरे असे, की दिवसभरात जेमतेम दहा वाक्यं बोलणार आणि त्यातली चार गवत कापायच्या मशीनशी.

ते तिला कधी रागावले नाहीत, हे खरं. पण शाबासकीही कधी दिली नाही. एक गोष्ट तिला फार लागायची. शाळेच्या मागे कुंपणापर्यंत मोठा उतार होता आणि तो कापायचं काम तिच्याकडे होतं. पण आठवड्यातून एकदा तरी ती सकाळी पोचायची तेव्हा अर्धा उतार आधीच कापलेला असायचा. म्हणजे आपलं काम यांच्या पसंतीला उतरत नाही, असं तिने मनाशी धरून ठेवलं होतं. विचारायची सोय नव्हती. विचारलं तरी ते ‘हं’ म्हणून कात्रीला धार लावायला बसले असते.

ऐन थंडीत जुन्या मशीनने एका सकाळी भसाभसा धूर सोडला, दोन आचके दिले आणि मान टाकली. मुख्याध्यापिकाबाईंनी दोघांना बोलावून घेतलं. मैदान मोठं, बॅटरीवरचं मशीन अर्ध्यातच दम तोडतं, तेव्हा पेट्रोलचंच घ्या, असं त्या म्हणाल्या. मात्र असं घ्या, की दर दोन वर्षांनी नवीन मागायला माझ्याकडे यायला नको. सासरे उन्हाळ्यात निवृत्त होणार होते, म्हणून निवड त्यांनीच करावी असं ठरलं. त्यांनी महिनाभराची मुदत मागितली. गवत कापायच्या मशीनसाठी महिना, हे ऐकून बाई हसल्या. पण थंडीत गवत तरी कुठे वाढतंय, म्हणून हो म्हणाल्या.

त्यानंतर दर शनिवारी दुपारी सासरे गायब व्हायला लागले. संध्याकाळी परतायचे ते नखांत काळं घेऊन, अंगाला तेलाचा वास. कुठे होतात, असं तिने एकदा विचारलं. “काम होतं,” एवढंच उत्तर आलं. तिने फोनवर नवऱ्याला सांगितलं, तर तो हसत सुटला. बाबांनी म्हातारपणी पत्ते धरले असतील म्हणाला. पत्ते खेळून नखं काळी होतात का, असं विचारून तिने फोन ठेवला.

महिना संपताना एका सकाळी दोघं दुकानात गेले. दुकानदार बोलघेवडा. तिच्या मनात लगेच एक लाल, रुंद पात्याचं मशीन भरलं. सासऱ्यांनी ते प्लग वर राहील अशा बेताने कलतं केलं, खालच्या पत्र्यावर बोट फिरवलं आणि परत सरळ ठेवलं. पत्रा पातळ होता. दुसऱ्या एका मशीनचा पट्टा पाच वर्षांनी मिळेल का, असं त्यांनी विचारल्यावर दुकानदार हवामानाबद्दल बोलायला लागला. असं करत करत शेवटी एक करड्या रंगाचं, दिसायला अगदी साधं मशीन उरलं. मूठ दाबली की ते स्वतःच्या चाकांवर पुढे जायचं.

तिला नवल वाटलं. जुनं मशीन चालवायचं ते ढकलून, आणि त्याचा त्यांना केवढा अभिमान. आपोआप पळणारी मशीनं म्हणजे नुसती मिरवायला, दुसऱ्या वर्षी गिअर बसलाच म्हणून समजा, असं ते नेहमी म्हणायचे. तिने तसं बोलून दाखवलं.

“बहुतेकांचा बसतो,” ते म्हणाले. “याचा नाही बसत.”

“तुम्हाला कसं ठाऊक, बाबा?”

“पाहिलंय.” मग त्यांनी तिला पुढे बोलावलं. “दोरी ओढ.”

तिने उजवा हात पुढे केला.

“उजव्याने नको. डाव्याने ओढ.”

ती जागच्या जागी थबकली. मागच्या वर्षी कुंपणाची झुडपं कातरताना ती शिडीवरून पडली होती आणि उजवा खांदा तेव्हापासून ठणकत होता. तिने हे कुणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. मदतनिसाची नोकरी, खांदा दुखतो म्हटलं तर ठेवतील का, ही भीती. तिने डाव्या हाताने दोरी ओढली. दुसऱ्या खेपेला इंजिन लागलं. दोरीची कडी मुठीच्या उजवीकडून काढून डावीकडे बसवता येईल का, हे सासरे दुकानदाराला विचारत होते. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नाही, असं तो म्हणाला.

मशीन शाळेत पोचवायची व्यवस्था झाली. सासरे पुढे गेले आणि जादा पातं आणायला त्यांनी तिला मिस्त्रीकडे पाठवलं. शहरातली सगळी बिघडलेली मशीनं या मिस्त्रीकडे यायची आणि ज्यांचं काही होऊ शकत नव्हतं ती त्याच्या अंगणात पडून राहायची. तिने ओळख सांगताच त्याने हातातला पाना खाली ठेवला.

“म्हणजे ती सून तुम्ही. अहो, चार शनिवार म्हातारा इथे मांडी घालून बसला होता. ही भंगारातली चौतीस मशीनं दिसतायत ना, सगळी खोलली त्याने. कशाचा गिअर गेला, कशाचा पत्रा सडला, सगळं वहीत उतरवलं. मी म्हटलं, काका, निवृत्त होताय, कशाला हा खटाटोप? तर म्हणाला, सुनेचा खांदा दुखतो, तेव्हा उतार आपणहून चढणारं हवं. आणि पंधरा वर्षं टिकायला हवं. तिची नोकरी अजून तेवढी आहे.”

“माझी कसली नोकरी? मी मदतनीस आहे.”

“त्यांच्या जागेवर तुम्हालाच घ्या, असं बाईंना लिहून दिलंय ना त्यांनी. तुम्हाला बोलले नाहीत?”

ती तिथेच एका उलट्या खोक्यावर बसली. मिस्त्रीने पाणी दिलं आणि शहाणपणाने स्वतःच्या कामाला लागला.

ती शाळेच्या शेडमध्ये पोचली तेव्हा सासरे दोरीची कडी डावीकडे बसवत होते. तिने पातं फळीवर ठेवलं.

“खांद्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. वळताना हात बदलतेस.”

“मग सकाळी येऊन अर्धा उतार कापायचात तो...”

“जमेल तेवढा कापायचो. माझेही गुडघे आता पूर्वीचे नाहीत.”

“मला वाटायचं, माझं काम तुम्हाला आवडत नाही.”

त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. एवढा वेळ त्यांनी तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. “तुझ्याइतकी सरळ रेघ मलासुद्धा येत नाही,” ते म्हणाले. “सांगायला हवं होतं. मला नाही जमत असलं.” मग पुन्हा कडीकडे वळले, पण स्क्रू काही लागेना. तिने त्यांच्या हातातून पेचकस घेतला आणि आवळून दिला. त्या संध्याकाळी ते तिच्यासोबत डॉक्टरकडे गेले. बाहेरच्या बाकावर तासभर बसून राहिले. खांद्याचे व्यायाम लिहिलेला कागद घरी आला, तो त्यांनीच स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला.

गवत पुन्हा वाढायला लागलं, तोवर तिच्या नेमणुकीला बाईंची मंजुरीही आली होती. पहिल्या कापणीला सासरे हजर होते. तेल पाहिलं, पेट्रोल भरलं आणि बाजूला झाले. तिने डाव्या हाताने दोरी ओढली, मूठ दाबली आणि मशीन तिला घेऊन उतार चढू लागलं. चौथ्या रेघेला तिने मागे वळून पाहिलं, तर शेडपाशी कुणी नव्हतं. सासरे फाटकातून बाहेर पडून घराच्या दिशेने निघाले होते, एका हाताने टोपी सारखी करत, अजिबात मागे न बघता. तिने मशीन वळवलं आणि पाचवी रेघ धरली.