बघून सांगतो

माझ्या काकांचं बटणांचं दुकान आहे. त्या दुकानाचं ऑनलाइन दुकान त्यांच्या मुलानं, म्हणजे आमच्या दादानं, स्वतः तयार केलं आणि त्यापायी चांगली नोकरी सोडली. घरात हे कुणालाच पटलं नव्हतं. मला पटलं होतं, पण मला विचारतंय कोण.

सुरुवातीला सगळं झकास चाललं. मग ते दुकान मंदावत गेलं, आणि हल्ली तर एखादं पान उघडेपर्यंत हातातला चहा निवून जायचा. गिऱ्हाइकं कंटाळून काढता पाय घ्यायला लागली. शेवटी काकांनी फर्मान काढलं की शनिवारपर्यंत हे सुधारलं तर ठीक, नाहीतर बंद, आणि दादानं जुन्या साहेबांना फोन करून नोकरी परत मागायची. हे मला वहिनीनं कळवलं. दादानं जीव गेला तरी सांगितलं नसतं.

लोकांच्या सॉफ्टवेअरची दुखणी शोधणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग. शुक्रवारी दुपारी मी दुकानात जाऊन थडकले.

दुकान लांबट आणि अरुंद आहे. भिंतभर लाकडी खण, प्रत्येक खणावर आतल्या मालाचं एकेक बटण टाचलेलं. मागे कोठार, त्यावर माळा, आणि कोठाराच्या दाराशी दादाचं टेबल. दादाचे डोळे तारवटले होते. त्यानं काय काय उपाय केले ते तो मला सांगत बसला. फोटो लहान केले, जास्त ताकदीचा सर्व्हर भाड्यानं घेतला, पानावरची नक्षी काढून टाकली. काकांचं मत होतं की सगळा दोष इंटरनेटचा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय.

"कुठे दुखतंय ते तपासलंस का?" मी विचारलं.

नव्हतं तपासलं. शिकलेसवरलेले लोक असं करतात तेव्हा माझं डोकं फिरतं. मी त्याला खुर्चीवरून उठवलं. सगळ्या मालाची नोंद डेटाबेसमध्ये असते; पान उघडताना प्रोग्राम त्या डेटाबेसला जे जे विचारेल ते पडद्यावर उमटत राहील अशी सोय केली, आणि शर्टाच्या बटणांचं पान उघडलं.

पडदा पळायलाच लागला. हे पांढरं बटण खणात आहे का? तेच माळ्यावर आहे का? हे मोतिया खणात आहे का? माळ्यावर आहे का? ओळींवर ओळी, थांबायचं नाव नाही. पानावर जितकी बटणं, जितके रंग, जितकी मापं, त्या प्रत्येकासाठी प्रोग्राम दोनदा उठून जात होता आणि प्रत्येक खेपेला एकच उत्तर घेऊन येत होता.

"अरे, हे काय चाललंय?"

"स्टॉक बघतोय," दादा म्हणाला. "न बघता आहे म्हणून कसं सांगायचं?"

मला हसू फुटलं, आणि हसता हसताच सगळं लक्षात आलं. या दुकानाची रीतच ती आहे. गिऱ्हाइकानं काहीही मागावं, काका कधी जागेवरून "आहे" म्हणत नाहीत. डोळे मिटून हात घातला तरी सापडेल असा माल असला तरी म्हणतात, "बघून सांगतो." मग खण उघडतात, माळ्यावर चढतात, आणि मगच हो म्हणतात. लहानपणी दादानं गल्ल्यापाशी बसल्या बसल्या "आहे" म्हटलं की त्याला सगळ्यांदेखत बोलणी बसायची. त्यानं तेच वळण यंत्राला लावलं होतं. माल थोडा होता तोवर ते खपून गेलं. नवा माल चढत गेला तशा खेपा वाढल्या.

उपाय सोपा होता. पानावरच्या सगळ्या बटणांची चौकशी एकदमच करायची. पण दादा अडून बसला. बाबांना ते चालणार नाही, त्यांना तो कामचुकारपणा वाटेल, म्हणे. उद्या नोकरी मागायला जायची वेळ आलीय आणि याला बाबांच्या रितीची पडलीय! मी तणतणत बाहेर गेले आणि काकांनाच बोलावून आणलं.

काका पडद्यासमोर उभे राहिले. मी त्यांना विचारलं, "शिंपी पन्नास प्रकारची बटणं मागायला आला, तर तुम्ही कोठारात पन्नास खेपा घालाल?"

"वेड लागलंय का मला? परात घेऊन जाईन. सगळं एका खेपेत."

"तुमचा मुलगा परात नेत नाही. प्रत्येक बटणासाठी एकदा खणाशी जातो, एकदा माळ्यावर. गिऱ्हाईक बाहेर ताटकळतं."

काकांनी चष्मा वर केला आणि त्या ओळी वाचायला लागले. बराच वेळ वाचत होते. दादा त्यांच्याकडे बघायचं टाळत होता.

"हे प्रत्येक गिऱ्हाइकाला असंच बघून सांगतं?" काकांनी विचारलं.

"हो बाबा."

"सगळ्या जगाला सांगत फिरलो, पोरगा माझं काही ऐकत नाही म्हणून," काका म्हणाले.

मग ते स्टूल ओढून दादाशेजारी बसले आणि म्हणाले, परात लाव. दादानं प्रोग्राम बदलला. बोट लावायचा अवकाश, पान समोर हजर. काकांनी स्वतः उघडून पाहिलं, पुन्हा उघडलं, मग बाहेर गल्ल्यावर बसलेल्या वहिनीला हाक मारून तिलाही उघडायला लावलं. साहेबांना फोन करायचा विषय कुणी काढला नाही. काकांनी फक्त एक अट घातली.

"पण पैसे घ्यायच्या आधी एकदा बघून यायचं."

"ते पहिल्यापासून आहेच, बाबा," दादा म्हणाला.