हरतालिकेचे पाच ग्लास

“पानी नाय घेनार ती,” रंभा म्हणाली. “हरतालिका हाय आज. पयलंच वरीस पोरीचं.”

लीलाताई पाण्याचा ग्लास हातात धरून उभ्या राहिल्या. फुलपाड्याच्या या सोनोग्राफी सेंटरमध्ये पेशंटना तयार करायचं काम त्यांचं. या मायलेकी कळंबहून आल्या होत्या. सतरा वर्षांच्या क्षितिजाचं ओटीपोट महिनाभर दुखत होतं, हाताला कडक लागत होतं. लघवीची पिशवी भरल्याशिवाय आतलं नीट दिसणार नव्हतं, आणि उद्यापासून गणपतीची पाच दिवस सुट्टी.

“गनपती गेले का येतो,” रंभा उठलीच.

“गाठ असली तर ती थांबेल का हो तोवर?” लीलाताई हळूच म्हणाल्या.

“पन मोडला उपास आणि नवरा वाईट भेटला तर?” क्षितिजाने विचारलं.

लीलाताई पहाटे वाळूची पिंड पुजून कामावर आल्या होत्या. तीस वर्षांत या दिवशी त्यांनी घोटभर पाणी घेतलं नव्हतं. मनातल्या मनात हात जोडून त्यांनी ग्लास स्वतःच पिऊन टाकला.

“झालं, माझा मोडला. आता तू.”

“काकी! तुमच्या नवऱ्याचं काय मग?”

“तो केव्हाच मिळाला. आता परत कोण घेतंय!”

क्षितिजा खुदकन हसली, पोट धरून कळवळली, आणि थांबत थांबत पाच ग्लास प्यायली.

उजव्या बीजांडकोशात नारळाएवढी गाठ निघाली. “या वयात फार क्वचित होते,” डॉक्टर संपदा म्हणाल्या. “पण बरी होते.”

रंभाने एकच विचारलं, “पोरीला मूल व्हईल ना?”

त्याच आठवड्यात मुंबईला ऑपरेशन झालं. गाठ कर्करोगाची होती, पण बाहेर पसरली नव्हती. उजवा बीजांडकोश काढला. डावा आणि गर्भपिशवी राखली. किमोही लागली नाही. ठरावीक महिन्यांनी तपासणी तेवढी करायची होती.

नाताळच्या आधी दोघी आल्या.

“काकी, आधी मला घ्या! घरूनच पाच ग्लास पानी पिऊन आले, आणि रिक्षावाल्याने एक खड्डा सोडला नाय.”

डॉक्टरांनी स्क्रीन रंभाकडे वळवला. “हा डावा. छान आहे अगदी.”

त्या करड्या ठिपक्यांतलं रंभाला काही कळलं नाही. तिने स्क्रीनला बोटं लावली, मग कपाळाला.

बाहेरून पुढच्या पेशंटने दार ठोठावलं. लीलाताई दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.