मॅडमच्या हातचं चीज

सुलाबाईला दूध नासवायचा पगार मिळतो, अशी तिच्या बौद्ध कॉलनीत थट्टा चाले. ती अगदीच खोटी नव्हती. अठ्ठ्याहत्तर साली सातपूरच्या एका कारखान्यात फ्रेंच इंजिनियर आला होता, आणि गंगापूर रोडवरच्या त्याच्या बंगल्यात सुलाबाई स्वयंपाकाला होती. त्याच्या बायकोनं, मॅडमनं, तिला आपल्या गावाकडचं मऊ चीज शिकवलं होतं. कोमट दुधात बाटलीतले थेंब घालायचे, साच्यात निथळत ठेवायचं, मीठ चोळायचं, आणि वर पांढरी बुरशी धरेपर्यंत रोज उलटायचं. बुरशीची वाट बघणारी बाई सुलाबाईनं जन्मात पाहिली नव्हती. पण हळूहळू तिचंच चीज मॅडमपेक्षा सरस उतरू लागलं.

इंजिनियरची परतायची वेळ आली. शेजारच्या वत्सलाबाई स्वयंपाकाला बाई शोधतच होत्या. मॅडमनं सुलाचं नाव सुचवलं, तर त्या "बघू" म्हणाल्या. सुलाबाईचा जीव त्या 'बघू'ला टांगलेला. लोकांची खरकटी काढण्यात हयात गेली होती. चुलीशी तिला पहिल्यांदा उभं केलं ते या परक्या बाईनं.

निरोपाच्या चहाला मॅडमनं मुद्दाम चीज मांडलं. वत्सलाबाईंनी पावाला लावून चवीनं खाल्लं, बाटलीत काय असतं तेही विचारलं.

"बछडे के पेट का रस," मॅडम म्हणाली.

सोवळ्याओवळ्याच्या घरच्या वत्सलाबाई क्षणभर थबकल्या. मग म्हणाल्या, "फॉरेनच्या वस्तूला एवढं कोण बघतं," आणि आणखी एक तुकडा तोंडात टाकला.

मॅडमला वाटलं, हीच वेळ. "सब सुला ने बनाया," ती कौतुकानं म्हणाली.

वत्सलाबाईंनी तोंडातला घास रुमालात काढला. पित्ताचा त्रास आहे म्हणत उठल्या. दारात सुलाबाईला म्हणाल्या, "पहिल्या तारखेपासून भांड्यांना ये. स्वयंपाकाचं माझं मी बघते."

"अच्छा नहीं?" मॅडमनं विचारलं.

"अच्छा है, मॅडम. उनको बछडा चलता है. सुला नहीं चलती."

मॅडमला काही उमगलं नाही. सुलाबाईच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला होता.

गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. अक्कल असते, तिला विचारतो कोण? पहिल्या तारखेला सुलाबाई मागच्या दारानं भांड्यांना गेली.

दिवाळीत वत्सलाबाईंकडे पाहुण्या आल्या. "अस्सल फ्रेंच चीज खाल्लंय मी," वत्सलाबाई त्यांना सांगत होत्या, "खुद्द मॅडमच्या हातचं. काय चव होती."

मोरीत सुलाबाईनं नळ मोठा सोडला.