एसीखालच्या झाकणातील पाणी

आखाती मुलखातल्या जिदहफ्स गावी खजुराच्या बागेला लागून कमाल मेकॅनिकचे भाड्याचे घर होते. सन १९९४ च्या उन्हाळ्यात त्याच्या एसीतून ठिबकणाऱ्या पाण्यावर एक सडपातळ, पट्ट्यांचा सर्प रोज दुपारी येऊ लागला. रत्नागिरीत वाढलेल्या कमालने त्यास पाहताक्षणीच निवाडा केला, "ही तर नानेटी! गरीब जात. पायात आली तरी चावायची नाय."

पत्नी बानू धास्तावली. परंतु नऊ वर्षांची उमैमा हरखून गेली. बापलेकीने ठिबकत्या पाण्याखाली दुधाच्या डब्याचे झाकण ठेवले. कमाल शिफ्टवरून परतला की दोघे खिडकीशी बसून निरीक्षण करीत. "अब्बा, लुक, पाणी पितोय!" ती कुजबुजे. झाकण कोरडे पडले की तीच अनवाणी धावत जाऊन ते भरून येई.

एका शुक्रवारी नमाजाहून परतताना कमालची पावले थबकली. मातीत नानेटीच्या सरपटण्याची रेघ सलग उमटत असे. आज मात्र झाकणाभोवती तिरक्या, एकमेकींपासून सुटलेल्या रेघा होत्या. असे आडवे सरकणारे जनावर त्याने गावच्या कातळावर पाहिले होते. फुरसे! त्याचा थोरला भाऊ त्याच विषाने तीन दिवसांत गेला होता.

आणि त्या रेघांवर एक लहानसे पाऊल ताजे उमटलेले होते.

त्याने घरात धाव घेतली, उमैमाचे दोन्ही पाय हाती धरून बोट न् बोट न्याहाळले. पोर सुखरूप होती.

"अवो, काय झाला?" बानूने विचारले. "नानेटीच हाय ना? मग भ्यालाव कशाला?"

थाप मारणे सोपे होते. कमालची मान खाली गेली. "बानू, ह्या मुलखातली जनावरां मना ठावी नाय. नाव मीच ठेवला. पाणीपण मीच ठेवला."

बानूने लेकीस जवळ ओढले.

पाणी ठिबकायचे थांबावे म्हणून त्याने एसी बंद केला. घटकाभरात भिंती तापल्या. पुठ्ठ्याने लेकीस वारा घालता घालता अखेर बानू उद्गारली, "दुनियेच्या घरात गारवा, नि आमच्या नशिबी भट्टी!"

चारच्या सुमारास पट्ट्यांचा सर्प आला. कोरड्या मातीवर त्याने जीभ फिरवली, मान उचलून क्षणभर थांबला व बागेकडे परतला.

"अब्बा, नानेटी नाही, तर त्याचं नाव काय?"

कमालने तिचे पाय पुन्हा मांडीवर ओढून घेतले व उजेडात धरून पाहिले.