उजव्या पायाचं टायमिंग

फटफटी दाखवायला नेमिनाथ दुकानातनं उठून आला तो लंगडत आला, उजव्या पायानं. नाथाजी हवालदारानं तेव्हाच शहाणं व्हायला पाहिजे होतं. पण त्याचा सगळा जीव टाकीवर. लढाईच्या वेळची विलायती गाडी, पाचशे सीसीची, सांगलीत भंगाराच्या दुकानात पोत्याखाली झोपलेली. पलटणीत पंधरा वर्षं ट्रक हाकलेल्या माणसाला असली गाडी दिसली की बाकीचं दिसायचं बंद होतं.

"इंजीन जाम हाय," नेमिनाथ म्हणाला. "खोलून बांधलं तर चालंल. फकस्त किक मारताना जपा, हवालदार. हिचं टायमिंग चुकलं की ठिणगी आधीच पडती, आणि किक खाली जायची ती उलटी वर येती. पायासकट."

"तुमाला बसली व्हय?"

"आमी जैन माणसं. आमी कुणाला लाथ मारत न्हाई." नेमिनाथनं गुडघा चोळला. "हिनं मात्र काय पाळलं न्हाई बघा."

नाथाजी खदाखदा हसला आणि गाडी बैलगाडीत घालून पलूसकडच्या आपल्या गावाला घेऊन आला.

कागदावर जुन्या मालकाची सही राहिली होती, म्हणून तो एस्टीनं पाटणला गेला. जुने मालक लालासाहेब. हाक मारली तर ते गोठ्यातनं बाहेर आले. लंगडत, उजव्या पायानं. नाथाजीचं हसू तिथंच वाळलं.

लालासाहेबांनी सही केली, चहा पाजला, आणि निघताना हळूच विचारलं, "पाव्हणं, घरात दुसरं कोण कमावतं हाय का?"

नव्हतं. आणि तीच तर पंचाईत होती. साखर कारखान्यात जीपच्या ड्रायव्हरची जागा निघाली होती. दसरा झाला की सोमवारी साहेब गाडी चालवून बघणार होते. ब्रेक उजव्या पायानं, ॲक्सिलेटर उजव्या पायानं. म्हणजे नोकरी जी काय होती ती त्या एका पायावर उभी होती. आणि इकडं नाथाजी सोसायटीच्या कट्ट्यावर सगळ्यांदेखत बोलून बसला होता, की औंदा दसऱ्याच्या सिलंगणाला सोनं लुटायला जाईन तर फटफटीवरनं.

म्हणून त्यानं काम लय जपून केलं. सोप्यात घोंगडं अंथरलं आणि इंजीन खोललं. महिनाभर बायकोच्या, राहीबाईच्या परातीत नट भिजत होते, लोणच्याच्या बरणीत पिस्टन होता आणि भाकरीला रॉकेलचा वास होता. टायमिंगची दातेरी चाकं काढायच्या आधी मात्र नाथाजीनं डोकं चालवलं. कुठला दात कुठल्या खाचेत बसतो ते कळावं म्हणून दोन खुणा केल्या. घरात रंग नव्हता. बायकोच्या करंड्यातलं कुंकू तेलात कालवलं आणि एक टिपका दाताला, एक खाचेला लावला. पाय वाचला, असं म्हणून त्यानं त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

खंडेनवमीला सकाळी तो ऑइल आणायला पलूसला गेला. परत आला तर सोप्यात इंजीन असं मांडलेलं, जसं काही वऱ्हाड पंगतीला बसलंय. एकेक भाग चिंचेनं, राखेनं लख्ख घासलेला. वर झेंडूचं फूल. आणि दातेरी चाकांच्या दातादाताला, खाचेखाचेला, हळदीकुंकू.

"राहे! ही खूण हुती गं माझी!"

"कुठली?"

"ह्या दातावर कुकू हुतं!"

"आता हाय की." राहीबाईनं पदर सावरला. "एकट्या दातालाच लावलं हुतं तुमी. बाकीच्यांनी काय पाप केलंय? आज खंडेनवमी हाय, हत्यारांत असला दुजाभाव चालत न्हाई."

नाथाजीनं दात मोजले. चाळीस निघाले. चाळीसही सवाष्ण.

मग त्यानं अंदाजानं चाकं बसवली. फिरवली की आत राख करकर वाजायची. प्रत्येक आट्याला त्याला पाटणचा तो गोठा आठवायचा.

दसऱ्याला दुपारी अंगणात सगळं गाव जमलं. कुणी तोंडानं म्हणत नव्हतं, पण बघत होते ते सगळे नाथाजीच्या पायाकडंच. हाडं बसवणारा धुळा, ज्याला कुणी बोलावलं नव्हतं, तो तुळशीकट्ट्याजवळ येऊन बसला. कामट्या, सुतळी आणि तेलाची बाटली त्यानं आपल्यापुढं नीट मांडली.

"हे कशाला रं धुळा?"

"काय न्हाई हवालदार. आज शस्त्रपूजा न्हवं? माझी हत्यारं पूजतोय."

"मग घरात पूज की."

"हितं बरं हाय. जवळ पडतंय."

नाथाजी गाडीवर चढला. माणसं चार पावलं मागं सरली. नुसतं बघावं म्हणून त्यानं किकवर चपलेचं टोक टेकलं आणि इवलासा भार दिला. इंजिनानं आत एक खोल उसासा टाकला. मग थाड! किक खालनं अशी उसळली की चप्पल पायातनं सुटली आणि कौलांवर जाऊन पडली. पाय तेवढा टाकीवर वेळेत उचलला गेला होता.

निळ्या धुराचं एक कडं निघालं, तुळशीवरनं हळूहळू फिरलं आणि विरलं. कुणी हसलं नाही.

धुळानं कामट्या गोळा केल्या. "आज न्हाई तर उद्या," म्हणाला, आणि सावकाश घराकडं गेला.

तिथनं पुढं नाथाजी तो पाय असा जपायला लागला जसा काही उसना आणलाय. उंबरा ओलांडायचा तर डावा पाय पुढं. पाटावर बसायचं तर उजवा लांब करून. सगळा भार डाव्यावर. रविवारी विहिरीकडनं येताना राहीबाईनं हटकलं.

"आवं, तुमी लंगडताय."

"जपतोय."

"जपतानाच लंगडताय!"

सोमवारी कारखान्याच्या गेटपासून जीपपर्यंत नाथाजी गेला तो तसाच, उजवा पाय ओढत. साहेबांनी बघितलं आणि शेजारी बसले. गाडी नाथाजीनं झकास काढली. वजनकाट्याला वळसा घातला, गिअर बदलला तो लोण्यासारखा. समोर उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती.

"थांबवा," साहेब म्हणाले.

नाथाजीनं ब्रेककडं पाय नेला. खाली काळं लोखंडी पेडल दिसलं आणि पाय अधांतरीच थांबला. दाबलं आणि वर आलं तर? त्यानं दात आवळले. पाय काही उतरेना.

"थांबवा! अहो, ब्रेक!"

जीप घाई न करता, अगदी अदबीनं गेली आणि शेवटच्या गाडीच्या उसात बॉनेटपर्यंत शिरली. इंजीन बंद पडलं. गाडीवान शिव्या द्यायला तोंड उघडून साहेबांना बघून तसाच राहिला. साहेबांनी टोपीवरचं पाचट काढलं, खाली उतरले, वळसा घालून नाथाजीच्या बाजूला आले. त्याचा पाय अजून हवेतच होता.

"हवालदार, पायाला काय झालंय तुमच्या?"

नाथाजीनं खाली पायाकडं बघितलं. सगळीकडनं नीट बघितलं.

"अजून काय न्हाई, साहेब."