हातच्याची दिशा

थोरली आणि धाकटी, दोघी बहिणी गणिताच्या शिक्षिका. एकाच घरात राहून अबोला धरून बसल्या होत्या, तोही टिंबांवरून. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण दोघींनी मिळून लिहिलेलं पुस्तक त्यापायी अडलं होतं.

पुस्तक होतं न संपणाऱ्या आकड्यांचं. त्यात दहाऐवजी पाच झाले की हातचा एक. चार, चार, चार अशी डावीकडे कधीच न संपणारी रांग मांडा आणि तीत एक मिळवा. चार नि एक पाच, शून्य लिहा, हातचा एक. पुन्हा पाच, पुन्हा शून्य. हातचा चालतच राहतो, मागे नुसती शून्यं. एक मिळवून शून्य, म्हणजे ती अख्खी रांग उणे एक ठरली. इथवर दोघींचं एकमत होतं. पण थोरली एकक उजवीकडे लिहून 'पुढे असंच' सांगणारी टिंबं डावीकडे द्यायची आणि धाकटी नेमकं उलटं.

"माझ्या पानांतले आकडे फिरवलेस तर माझं नाव काढून टाक," धाकटीनं बजावलं होतं. संध्याकाळी छापखानेवाला प्रुफं न्यायला येणार होता.

थोरली लाल पेन घेऊन धाकटीच्या पानांवर बसली खरी, पण हात चालेना. धाकटीशिवायचं पुस्तक तिला नकोच होतं. उन्हानं डोळे जड झाले. हातचा पानाबाहेर पडला, टेबलावरून अलगद उतरला, आणि ती त्याच्यामागे चालू लागली. तो लहानपणच्या टेबलाशी थांबला. समोर बसून ती स्वतःच पाटीवर बेरीज शिकवत होती, आणि हे ती धाकटीच्या डोळ्यांनी बघत होती. आकडे डोक्यावर उभे, एकक डाव्या हाताला. हातचा उजवीकडे निघाला होता.

जागी होताच ती प्रुफं घेऊन धाकटीच्या खोलीत गेली.

"तुला बेरीज शिकवताना मी समोर बसायचे ना गं?"

"मग काय? शेजारी बसलीस की चिमटे काढायचीस."

"म्हणून तुला सगळं उलटं दिसलं."

"मला तेच सुलटं होतं, ताई. तू एकदाही इकडून बघितलं नाहीस."

थोरलीनं खुर्ची ओढली, धाकटीच्या शेजारी बसली आणि तिची पानं पहिल्यापासून वाचायला घेतली.

दार वाजलं तेव्हा धाकटी उठली.

"बसा जरा," ती छापखानेवाल्याला म्हणाली. "नावं दोन्ही राहतील. पण ताईचं अजून वाचून व्हायचंय."