डाव्या हाताची पकड

मुलांना नेमबाजी शिकायला घेऊन येणाऱ्या आया दोन-दोन तास बाकावर बसून करतात काय, हा प्रश्न चांगदेव सरांना बरीच वर्षं पडला असावा. नौपाड्यातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये मुलं आपापली एअर रायफल घेऊन उभी असायची, आणि मागे आया मोबाईलमध्ये डोकं घालून नाहीतर मांडीवर मटारची पिशवी घेऊन बसलेल्या. यंदा क्लबच्या वाढदिवसाला सरांनी आयांचीच स्पर्धा जाहीर केली आणि बाकावर एकच गलका झाला. शी, आम्हाला काय येतंय, असं म्हणणाऱ्या सगळ्याजणींनी त्याच संध्याकाळी नावं दिली.

सान्वीच्या आईने, म्हणजे अमृतानेही दिलं. बाळकुमला राहणारी, विमा कंपनीत नोकरी करणारी, घड्याळाच्या काट्यावर चालणारी बाई. हीच पहिली येणार, असं बाकीच्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं होतं. पण अमृताचं घोडं अडलं ते डाव्या हातावर.

रायफलीत उजव्या हाताला फारसं काम नसतं. चाप ओढला की तो मोकळा. सगळं वजन खालून डावा हात पेलतो, आणि गंमत म्हणजे त्याने काही पकडायचं नसतं, नुसतं खाली राहायचं असतं. कुणी मूठ वळून तिच्यावर रायफल ठेवतं, कुणी उघड्या तळव्यावर, कुणी अंगठा आणि दोन बोटांच्या बेचक्यात. सर पोलिसांच्या शस्त्रागारातून निवृत्त झालेले, शिस्तीचे कडक, पण या एका बाबतीत ते कुणावर जबरदस्ती करत नसत. ज्याला जी पकड आरामाची वाटेल ती त्याची. अट एकच, कोपर कमरेच्या हाडावर टेकलं पाहिजे आणि दंड छातीला लागला पाहिजे. मग रायफल हाडांवर उभी राहते, हात थकत नाही.

अमृताने मूठ करून पाहिली, तळवा करून पाहिला, बोटांचं बेचकं केलं, नुसती बोटांची टोकंही लावून पाहिली. प्रत्येक शनिवारी नवी तऱ्हा. साडी घ्यायला गेल्यावर दुकानदाराचं काय करत असशील गं, म्हणून बाकीच्या तिची फिरकी घ्यायच्या. ती हसायची. त्या बिचाऱ्यांना काय माहीत, ती आरामाची पकड शोधतच नव्हती. दंड छातीला न लागता रायफल धरता येईल का, एवढंच ती शोधत होती.

कारण दुसऱ्याच शनिवारी, सरांनी सांगितलं तसा दंड आत घेतल्यावर, काखेजवळ तिला काहीतरी लागलं होतं. ब्लाऊजची शिवण असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. घरी येऊन बाथरूमची कडी लावली आणि तिथे बोट फिरवलं. डाव्या स्तनाच्या बाहेरच्या बाजूला चिंचोक्याएवढी गाठ होती. घट्ट, आणि दाबली तरी न दुखणारी. बादली भरून वाहायला लागली तरी तिला ऐकू आलं नाही.

दुसरी एखादी बाई दुखत नाही म्हणून सुटकेचा निःश्वास टाकती. अमृताला दुखत नाही याचीच भीती वाटली. तिच्या आईलाही दुखलं नव्हतं.

आई म्हणजे शालन. विठ्ठलवाडीच्या चाळीत, नळावरून दिवसाला पाच-सहा हंडे आणणारी. हंडा कायम डाव्या कमरेवर, उजवा हात मोकळा, तोंडाचा पट्टा चालू. अमृता दहावीत असताना एके दिवशी आईने हंडा उजव्या कमरेवर घेतला आणि मग तो तिकडेच राहिला. पाणी सांडायचं, पाऊल वाकडं पडायचं, पण हंडा काही डावीकडे परत आला नाही. अमृताने विचारलंही होतं. आई म्हणाली, "काही नाही गं, कामाचं अंग आहे, दुखणारच." अमृता "बरं" म्हणाली आणि पुस्तकात तोंड घालून बसली. त्यानंतर वर्षभर शालनने आपली गाठ पदराखाली झाकून ठेवली. पोरीची दहावी, मग दिराचं लग्न, मग आंबेडकर जयंतीला पाहुणे, तिला काही ना काही सापडतच गेलं. शेवटी मुंबईच्या इस्पितळात नेलं तेव्हा डॉक्टरांनी इतके दिवस कुठे होतात, एवढंच विचारलं. अमृताची बारावीची परीक्षा आई गेल्यावर झाली.

हे सगळं ज्या बाईने डोळ्यांनी पाहिलंय ती तरी तडक डॉक्टरकडे जाईल की नाही? तेच तर. माणूस भ्यालं की शहाणपण आधी पळ काढतं. ज्याला काही माहीत नसतं तो निदान तपासायला तरी जातो. अमृताला शेवटपर्यंतचं सगळं माहीत होतं, म्हणून तिचा पाय उचलत नव्हता. क्लबच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर सोनोग्राफी सेंटर होतं. काचेचं दार, आत खुर्च्या, भिंतीवर हसऱ्या बाईचं चित्र. वर जाताना ते दार टाळता येत नसे. अमृता जिना चढताना तिथे मोबाईल कानाला लावायची, समोर कुणी नसलं तरी. सान्वीची सहामाही झाली की जाऊ, असं तिने ठरवलं. सहामाही झाली. मग सान्वीची जिल्ह्याची मॅच होऊ दे, म्हणाली. नवऱ्याला, राजरत्नला सांगावं असं रोज रात्री जेवताना ओठांवर यायचं आणि ती कोशिंबीर वाढायची. सान्वी हसली की तिला पुढचं दिसायचं, ही बारावीला असेल तेव्हाचं.

आयांच्या स्पर्धेच्या आदल्या शनिवारी सगळ्याजणींचा शेवटचा सराव होता. अमृता बोटांच्या टोकांवर रायफल तोलून उभी होती, कोपर हवेत. सर मागे येऊन उभे राहिले.

"ताई, महिनाभर तुम्ही पकड बदलताय," ते म्हणाले. "तुमच्या हातात काही खोट नाही. तुम्ही हात अंगाला लागू देत नाही."

त्यांनी ते अगदी साधेपणाने म्हटलं, ते नेमाबद्दलच बोलत होते. पण अमृताला कुणीतरी बाथरूमच्या बंद दारावर टकटक केल्यासारखं वाटलं. सर पुढच्या बाईकडे गेले. तिने कशीबशी छर्रा भरला, रायफल खांद्याला लावली आणि मनाशी म्हणाली, हा एक मारू आणि बाकावर जाऊन बसू.

सान्वी शेजारीच उभी होती. तेरा वर्षांची, कपाळावर सैल झालेल्या वेणीच्या बटा, आपल्याला सगळं येतं हा त्या वयाचा ठाम विश्वास. रायफल रिकामी आहे, नुसता उभं राहायचा सराव चाललाय, असं तिला वाटलं. सर करतात तसं तिने आईचं कोपर दोन्ही हातांनी धरलं आणि आत ढकललं.

दंड गाठीवर दाबला गेला. अमृता केवढ्यांदा तरी ओरडली. दुखलं म्हणून नव्हे. लपवलेलं सापडलं, म्हणून. चाप ओढला गेला, छर्रा सुटला आणि शेजारच्या शौनकच्या आईच्या टार्गेटला कोपऱ्यात एक भोक पडलं.

सरांनी थांबा म्हणताच सगळ्यांनी रायफली खाली ठेवल्या. भरलेल्या रायफलीला कुणी हात लावलाच कसा, म्हणून सरांनी सान्वीला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं, तिला बाहेर जायला सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. शौनकच्या आईने, जाऊ दे, मला तेवढाच एक नेम जास्त मिळाला, असं म्हणून हसू आणायचा प्रयत्न केला. अमृता सान्वीच्या मागोमाग जिन्यात आली.

सान्वी पायरीवर बसली होती, डोळे भरलेले. आपल्याला ओरडा पडला याचं तिला काही नव्हतं.

"मम्मी, तुला लागलं का? कुठे दुखतंय?"

"काही नाही गं," अमृता म्हणाली. "कामाचं अंग आहे, दुखणारच."

शब्द तोंडातून निघाले आणि तिचे तिलाच ऐकू आले. आवाजसुद्धा तोच, खालच्या पट्टीतला, विषय मिटवणारा.

"तू पर्सपण उजव्या खांद्याला लावतेस आता," सान्वी म्हणाली. "आधी डाव्या लावायचीस. मी बघतेय कधीची." मग नाक पुसून तिने मान खाली घातली. "बरं."

त्या "बरं"ने अमृताच्या जिवाचं पाणी पाणी झालं. महिनाभर ती गाठीला भीत होती, पण इतकी नाही. तिला नळावरचा हंडा दिसला, वाकडं पडणारं पाऊल दिसलं, आणि पुस्तकात तोंड घालणारी मुलगी दिसली. तेव्हा आईने खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे ती कितीतरी वर्षं स्वतःला विचारत आली होती. आता तीच मुलगी समोर पायरीवर बसली होती आणि ती ऐकून गप्प बसायला तयार झाली होती.

अमृता तिच्या शेजारी बसली.

"नाही, सान्वी," ती म्हणाली. "खोटं बोलले मी. इथे गाठ आहे मला. महिना झाला. मी कुणाला सांगितलं नाही, पप्पांनापण नाही."

सान्वीला आजीचं माहीत होतं. घरात भिंतीवर फोटो होता. तिचा चेहरा पांढरा पडला, पण ती रडली नाही. तिने जिन्याच्या खाली, त्या काचेच्या दाराकडे पाहिलं. मग आईकडे. दोघी उठल्या आणि खाली गेल्या.

त्या दिवशी सोनोग्राफी झाली. राजरत्न रिक्षा करून धावत आला, आधी चिडला, मग भिंतीवरच्या हसऱ्या बाईच्या चित्राकडे बघत उभा राहिला. गाठीतला तुकडा काढून तपासावा लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बुधवारी या.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, आयांची स्पर्धा अमृताशिवायच झाली आणि शौनकच्या आईने बक्षीस नेलं.

बुधवारी अमृता त्याच सेंटरमधल्या टेबलावर आडवी पडली, डावा हात डोक्यावर. खोलीत थंडी होती आणि दातावर दात आपटत होते. भूल दिलेली जागा बधिर झाली होती, बाकीचं सगळं अंग मात्र जागं होतं. डॉक्टरीणबाई वयाने लहान, सान्वीच्या ताई शोभल्या असत्या. त्यांनी तुकडा काढायचं, सुई लावलेलं यंत्र उचललं.

"याला स्प्रिंग असते," त्या म्हणाल्या. "टक् असा मोठा आवाज येईल, बंदुकीसारखा. दचकू नका, अजिबात हलू नका."

अमृताला हसावं की रडावं कळेना. आजवर रायफल तिच्या हातात होती, आता ती टार्गेटच्या जागी होती. छातीत इतकं धडधडत होतं की आपल्या ठोक्यानेच नेम चुकेल असं तिला वाटलं. आई इथवर कधी पोचलीच नाही, हे तिच्या मनात आलं. डोळे मिटायच्या ऐवजी तिने डॉक्टरीणबाईंचा डावा हात पाहिला. त्या हातात सोनोग्राफीचा दांडा होता. मनगट सरळ, बोटं सैल, कोपर अंगाला लागलेलं. हात तिच्या बरगडीवर नुसता टेकला होता, दाबत नव्हता. सरांना दाखवावा असा हात होता तो. अमृताने सरांनी शिकवल्यासारखा अर्धा श्वास सोडला आणि उरलेला धरून ठेवला.

टक्.

ती हलली नाही. आणखी तीनदा आवाज झाला, तेव्हाही नाही. बहुतेकजणी पहिल्याला उडतात, असं डॉक्टरीणबाई पट्टी बांधताना म्हणाल्या. रिपोर्ट मंगळवारी.

बाहेर राजरत्न गोळ्या आणायला खाली गेला होता. सान्वी शाळेच्या गणवेशातच खुर्चीच्या टोकावर बसली होती. आईला बघून ती उठली.

"दुखलं?"

काही नाही, हे दोन शब्द अमृताच्या जिभेवर तयारच होते. इतक्या वर्षांची सवय, ती थोडीच एका शनिवारात जाते. तिने ते गिळले.

"हो," ती म्हणाली. "आणि मला भीती वाटतेय, सान्वी. खूप भीती वाटतेय."

"मलापण," सान्वी म्हणाली.

जिना उतरताना अमृताने पर्स सान्वीकडे दिली. सान्वीने ती खांद्याला लावली आणि आईच्या डाव्या कोपराखाली आपला उघडा तळवा ठेवला. ढकलला नाही, धरला नाही, नुसता खाली ठेवला. दोन पायऱ्या अमृताने हात तसाच उचलून धरला. तिसऱ्या पायरीवर तिने त्याचं सगळं वजन त्या तळव्यावर सोडलं.